बाळंतपणानंतर वारेच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

प्रश्न : माझी लेक अमेरिकेत ओरेगन राज्यात असते. पुढच्या महिन्यात तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी तिकडे जाणार आहे. बाळंतपणात पडलेली वार वाळवून, दळून तिच्या कॅप्सूल भरून देणारी एक बाई तिच्या ओळखीची आहे. त्या कॅप्सूल घेतल्याने दूध उतरते, रक्त भरून निघते आणि मन उदास होत नाही, असे तिला सांगितले गेले आहे. लेक तयार आहे, मला मात्र धास्ती वाटते. यात तथ्य किती? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमची धास्ती अनाठायी नाही. लेकीने या कॅप्सूल घेऊ नयेत, असेच मी सांगेन. योगायोग असा, की यातल्या धोक्याचे सर्वांत ठळक उदाहरण ओरेगनमधलेच आहे. २०१६ साली तेथे एका नवजात बाळाच्या रक्तात ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ हे जंतू सापडले. अँपिसिलिन या प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स होऊन बाळ बरे झाले आणि पाचच दिवसांत त्याच जंतूंमुळे त्याला पुन्हा दाखल करावे लागले. आई रोज तीन वेळा दोन-दोन वारेच्या कॅप्सूल घेत असल्याचे मग समजले. त्या कॅप्सूल तपासल्या, तर त्यांतही तेच जंतू निघाले. संसर्ग घरातल्या दुसऱ्या कोणाकडून झाल्याची शक्यता पूर्णपणे नाकारता आली नाही. तरीही अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध करून अशा कॅप्सूल टाळाव्यात, असे स्पष्ट सांगितले. मंद आचेवर वाळवल्याने सगळे जंतू मरतातच असे नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतील तेवीस हजारांहून अधिक प्रसूतींच्या नोंदी तपासलेल्या, २०१८ च्या एका अभ्यासात वार खाणाऱ्या मातांच्या बाळांना अधिक धोका आढळला नाही. म्हणजे असा संसर्ग सर्रास होत नाही. पण लाभच नसेल, तर थोडा तरी धोका का पत्करायचा?

आता लाभाचे पाहू. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील संशोधकांनी २७ बाळंतिणींपैकी काहींना वारेच्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या गोमांसाच्या कॅप्सूल दिल्या. कोणाला काय मिळाले, हे त्या बाळंतिणींना माहीत नव्हते. शरीरातील लोह, मनःस्थिती आणि थकवा यांत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, हे खरे. पण दावे ज्या अनुभवांवर उभे आहेत, त्यांपेक्षा तो कितीतरी भक्कम आहे. दुधाचा दावा तर मला उलटाच वाटतो. वार पडली की वारेत तयार होणारे आणि दूध रोखून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात झपाट्याने घटते आणि त्यामुळेच दूध उतरू लागते. वारेचा तुकडा गर्भाशयात राहिला तर दूध यायला उशीर होऊ शकतो, तो यामुळेच.

‘जनावरे खातात, मग आपण का नको?’ असेही लेक विचारील. माणसांच्या १७९ समाजांच्या नोंदी चाळणाऱ्या अभ्यासकांना बाळंतिणीने स्वतःची वार खाण्याची रूढ प्रथा कोठेही ठळकपणे आढळली नाही. चिनी वैद्यकात वार औषध म्हणून वापरली जाई, पण ती बाळंतिणीसाठीच असे नव्हे. आपल्याकडे तर वार पुरतात, आणि गाय व्याली की तिने जार खाऊ नये म्हणून गोठ्यात कोणीतरी राखण करत बसलेले असते.

तुम्ही तेथे गेल्यावर हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या चुकवू देऊ नका. जोडीला अळिवाची खीर खुशाल करा, मात्र ती गोळ्यांची जागा घेणार नाही. पहिल्या काही दिवसांत लेकीला येणारे रडू आपोआप ओसरते. उदासी दोन आठवड्यांपुढे टिकली, झोप उडाली किंवा बाळाविषयी भलतेसलते विचार येऊ लागले, तर लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेत मातांसाठी १-८३३-८५२-६२६२ ही विनामूल्य हेल्पलाइन चोवीस तास चालते. आणि एवढे सांगूनही लेकीने कॅप्सूल घेतल्याच, तर ती गोष्ट बाळाच्या डॉक्टरांपासून लपवू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, किरकिरू लागले किंवा त्याला ताप आला, तर तपासणीच्या वेळी हे आधी सांगावे.