३ विजय, २३८ पराभव : सुमोतल्या तळाच्या मल्लाचा हिशेब कसा वाचायचा?

तुम्ही विचारलंय की एका सुमो मल्लाच्या नावापुढे ३ विजय आणि २३८ पराभव दिसतात, ते खरे आहेत का, आणि इतकं हरूनही त्याला काढून कसं टाकलं नाही.

आकडे खरे आहेत. तो शिकिहिदे तालमीचा हत्तोरीझाकुरा. शेवटच्या वर्षी त्याने शोनानझाकुरा हे नाव घेतलं होतं. २०१५ च्या सप्टेंबरात तो सुमोत आला आणि २०२१ मध्ये निवृत्त झाला. मधे एकदा तो सलग ८९ लढती हरला आणि पुढे सलग १०४.

काढलं नाही, कारण हरण्यावरून काढायचा नियमच नाही. सुमोत सहा विभाग आहेत आणि सगळ्यात खालचा जोनोकुची. हरलं की क्रम घसरतो, पण जोनोकुचीच्या खाली घसरायला जागाच नसते. क्रमवारीच्या पत्रकातून, म्हणजे बांझुकेतून, नाव जातं ते तळाला असताना स्पर्धेत एकदाही न उतरल्यावर. म्हणून दुखापत झालेले काही मल्ल नाव टिकवण्यासाठी एकच लढत खेळून जातात. हत्तोरीझाकुराच्या अख्ख्या कारकिर्दीत गैरहजेरी फक्त एक. मला त्याच्या नोंदीतला सगळ्यात बोलका आकडा हाच वाटतो.

आता बाकीच्या मल्लांचे आकडे कसे वाचायचे ते. वरच्या दोन विभागांत एका स्पर्धेत १५ लढती होतात, खालच्या चारांत फक्त ७. त्यामुळे खालच्या मल्लाची नोंद सातासातानेच वाचायची. ४-३ म्हणजे बढती, ३-४ म्हणजे घसरण. जोड्या लावताना शक्यतो सारख्याच हिशेबाचे मल्ल समोरासमोर आणतात, दोन हरलेल्यासमोर दोन हरलेलाच. बळ सारखं धरलं तर १२८ मल्लांतून एकच ७-० जाणार आणि एकच ०-७. म्हणूनच वीस-वीस वर्षं खेळलेल्यांचेही विजय-पराभव निम्म्याच्या आसपास राहतात आणि नुसत्या टक्केवारीवरून काहीच कळत नाही. माकुशिताच्या, म्हणजे वरून तिसऱ्या विभागाच्या, वरच्या टोकाला ५० टक्के जिंकणारा आणि जोनिदानमध्ये, म्हणजे खालून दुसऱ्या विभागात, ५० टक्के जिंकणारा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. माकुशितातून एक पायरी वर ज्युर्यो या विभागात गेलं की महिना ११ लाख येन पगार सुरू होतो. खाली पगार नाही, स्पर्धेमागे थोडा भत्ता. तेव्हा आधी क्रम बघा, मग गैरहजेऱ्या, मग विजय.

गैरहजेऱ्या का, तर तेरुनोफुजी आठवा. ओझेकी, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या, पदावर पोचलेला हा मल्ल गुडघे आणि आजारपणामुळे स्पर्धा चुकत गेल्याने मार्च २०१९ मध्ये थेट जोनिदानमध्ये येऊन पोचला. तिथे ७-० गेला. आकडा देखणा, पण समोर बहुतेक पोरं होती. तिथून चढत जाऊन २०२१ मध्ये तो योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा मल्ल, झाला.

हत्तोरीझाकुराच्या बाबतीत तर हा जोड्यांचा नियमही फारसा कामाला आला नाही. तळाशी शून्यावर असलेले मल्ल संपतात आणि मग एखाद-दोन जिंकलेलाच समोर येतो. आपल्या कुस्तीसारखे वजनगटही इथे नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये एका लढतीत तो नीट भिडण्याआधीच स्वतःहून पुन्हापुन्हा खाली पडला आणि त्याला ताकीद मिळाली. ती लढत लोक हसण्यासाठी बघतात याचं मला वाईट वाटतं. अठरा वर्षांचा पोरगा होता तो, भ्यायलेला. त्यानंतरही पाच वर्षं तो दोह्योवर, म्हणजे सुमोच्या आखाड्यावर, चढत राहिला.

बांझुकेवर जोनोकुचीची नावं इतकी बारीक लिहिलेली असतात की त्या विभागाला जपानीत 'मुशिमेगाने', म्हणजे भिंग, असंच टोपणनाव पडलंय. कधी ते पत्रक हाती आलं तर योकोझुनांची ठसठशीत नावं सोडून आधी खालच्या ओळींवर भिंग धरून बघा.