गुलमोहरावर चढण्याआधी

अरे मित्रा, चेनसॉ घ्यायची एवढी घाई नको करू, आधी वर्षभर खाली उभा राहून दोर धर आणि बघ. जाड फांदी वरून एका दमात कापली की ती अर्ध्यात मोडते नि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते, माझ्या हातून एका सोसायटीतल्या गुलमोहराचं असंच झालंय, हातभर साल गेली. म्हणून आधी खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूने एक तृतीयांश काप, मग थोडं पुढे वरून, फांदी पडली की राहिलेला खुंट शेवटी. तो पण खोडाला घासून नाही हं, फांदीच्या बुडाशी जी सुरकुतलेली फुगीर कडा असते ना ती तशीच ठेवायची, जखम तिथूनच भरते. वर डांबर-बिंबर फासू नको, काही उपयोग नाही.

वायर जवळ असेल तर लाइन बंद झाल्याशिवाय चढायचंच नाही, मालक कितीही घाई करू दे. आणि शहरात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, कागद स्वतः बघून घे, नाहीतर लफडं तुझ्याच गळ्यात.