कॉलेजच्या रेडिओ केंद्राचा आजूबाजूच्या लोकांना खरंच उपयोग होतो का?

तुमच्या कॉलेजात रेडिओ केंद्र काढायचं चाललंय आणि 'मोबाईलच्या काळात ते ऐकणार कोण?' असं तुम्ही विचारलंय. मी शिकत असताना अशा एका केंद्रात तीन वर्षं निवेदन आणि एडिटिंग केलं. त्यावरून सांगते, उपयोग नक्की होतो, पण केंद्र कॉलेजच्या फाटकाबाहेर पडलं तरच.

थोडा इतिहास आधी सांगते, कारण परवाना मुळात कशासाठी मिळतो ते त्यात आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून चाललेल्या खटल्यात सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, म्हणजे त्या लोकांच्या हितासाठी वापरायच्या. पुढे २००२च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना परवाने द्यायचं ठरलं आणि १ फेब्रुवारी २००४ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' सुरू झालं. देशातलं हे पहिलं कॅम्पस रेडिओ केंद्र. स्वयंसेवी संस्थांना हीच मुभा २००६मध्ये मिळाली, मग म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'सारखी केंद्रं उभी राहिली.

कॉलेजचं केंद्र असलं तरी सरकारदरबारी ते सामुदायिक रेडिओच असतं, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी चालवायचं छोटं केंद्र. प्रसारणाची ताकद सहसा १०० वॅटपर्यंत, त्यामुळे आवाज साधारण दहा किलोमीटर जातो. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावे लागतात. बातम्या स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा लावता येतात. दहा किलोमीटर ऐकून अनेकांचा विरस होतो. मला मात्र तीच मोठी सोय वाटते. ऐकणारा माणूस चालत स्टुडिओत येऊ शकतो.

आमच्या केंद्रात पहिलं वर्ष आम्ही मुलांनी मुलांसाठीच घालवलं. परीक्षेच्या टिप्स, फर्माइशी, स्नेहसंमेलनाच्या मुलाखती. बाहेर कुणी ऐकत नव्हतं आणि का ऐकावं? मग एकदा शिष्यवृत्तीच्या अर्जांवर कार्यक्रम केला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीतल्या एक ताई आल्या. म्हणाल्या, "तुम्ही बोललात ते ज्याला अर्ज भरता येतो त्याला कळलं. मला नाही कळलं." आम्ही त्यांनाच माईकसमोर बसवलं. उत्पन्नाचा दाखला कुठे मागायचा, त्याला काय काय जोडायचं, नावात फरक असेल तर काय, हे त्या विचारत गेल्या आणि आमच्या कार्यालयातले एक लिपिक उत्तरं देत गेले. आमच्यापैकी एकालाही ते प्रश्न सुचले नसते. पुढच्या आठवड्यात आणखी चार बायका आल्या, मग त्यांचा दर बुधवारचा कार्यक्रमच ठरला.

यंत्रांची चिंता फार करू नका, ती शिकता येतात. खरी अडचण माणसांची आहे. मुलं दोन-तीन वर्षांत पास होऊन जातात आणि त्यांच्याबरोबर शिकलेलं सगळं जातं. म्हणून अर्ज करण्याआधी एवढं ठरवा, मे महिन्यात मुलं गावी गेल्यावर केंद्र कोण चालवणार? आमच्याकडे दुसऱ्या उन्हाळ्यात प्रसारणाच्या यंत्रापुढे त्या ताई बसल्या होत्या.