बडोद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू होताना

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझी आणंदची इंटर्नशिप संपली आणि तू बडोद्यातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात रुजू होते आहेस, हे तुझ्या बाबांकडून कळलं. तू हे काम निवडलंस याचा मला फार आनंद झाला. तिथे सगळ्यात आधी काय लागतं, असं तू फोनवर विचारलंस. फोनवर अर्धवटच सांगता आलं, म्हणून हे पत्र.

कळवळा तुला शिकवायला नको. तो त्या दवाखान्याच्या दारात दिवसभर येतच असतो. गाडीखाली सापडलेलं कुत्रं स्वतःच्या रिक्षात घालून आणणारा रिक्षावाला, ओढणीत मांजराचं पिल्लू गुंडाळून आणणारी शाळकरी मुलगी, गाय पडली म्हणून दुकान तसंच टाकून धावत आलेला दुकानदार. या माणसांजवळ दया भरपूर असते. वजन किती, अंगातलं पाणी किती उतरलंय, औषध किती मिली आणि कुठून द्यायचं, हे मात्र त्यांना माहीत नसतं. त्यासाठीच ते तुझ्याकडे येतात. तिथे नेमकेपणा हीच माया आहे असं मी मानतो, आणि पुढे जे लिहितोय ते सगळं त्याबद्दलच आहे.

आपल्या रुग्णाला बहुतेक वेळा मालक नसतो. "मारो नथी बेन, रस्ता पर पड्यो हतो" (माझा नाही ताई, रस्त्यावर पडला होता), एवढाच इतिहास मिळतो. तेवढ्यावर थांबू नकोस. कुठे सापडलं, किती दिवसांपासून असं दिसतंय, कुणाला चावलंय का, त्या गल्लीत आणखी कुणी आजारी आहे का, हे विचार. रावपुऱ्यात म्हण, दांडिया बाजारात म्हण, प्रत्येक गल्लीत कुत्र्यांना रोज खायला घालणारी एखादी मावशी असतेच. तिला शोधून फोन लाव. कुत्र्यानं परवापासून पोळीला तोंड लावलं नाही, हे तिच्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही.

आता रेबीज. रुजू होण्याआधी स्वतःची लस पूर्ण कर: पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा. यात सवलत नाही. जबडा लोंबकळलेला, लाळ गळते, पाणी पिता येत नाही, असं कुत्रं घेऊन माणूस येतो आणि खात्रीनं सांगतो की घशात हाड अडकलंय. हाड खरंच अडकू शकतं. पण मुका रेबीजही हुबेहूब असाच दिसतो. रेबीज झालेली गायही घशात काही अडकल्यासारखं करते, घोगरं हंबरते. अशा जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही, मग सोबतचा माणूस कितीही घाई करो. चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धू आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. आधी लस झाली असली तरी त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी बूस्टर लागतोच. आणि जनावर घेऊन आलेल्या माणसालाही हे सगळं सांग. त्यानं ते उचलून आणलेलं असतं, त्याच्या हातावर लाळ लागलेली असते, आणि त्याच्याकडे बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

तुझी खरी परीक्षा जानेवारीत. तू इथलीच आहेस, त्यामुळे उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, गच्चीवरून पाहिलं आहेस. यंदा ते टेबलावरून पाहशील. १४ तारखेच्या सकाळपासून जखमी पाखरांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची रांग लागते, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणालाही ती हटत नाही, आणि झाडांत अडकलेला मांजा पुढे कितीतरी दिवस पाखरं कापत राहतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन आणि काचेच्या मांज्यावर बंदी घातली, तरी तो मिळतो. राज्य सरकारचं पाखरं वाचवायचं करुणा अभियानही २०१७ पासून या दिवसांत चालतं. १९६२ क्रमांकाची ॲम्ब्युलन्स, वनखातं आणि स्वयंसेवक सगळे धावत असतात. पाखरं पहाटे बाहेर पडतात आणि संध्याकाळी घरट्यांकडे परततात. त्याच दोन वेळा आकाशात पतंगही असतात, म्हणून सूर्य मावळल्यावर गर्दी वाढते. जेवण त्याआधी उरकून घे.

सगळ्यात जास्त येतात पारवे. पारवा साधारण ३०० ग्रॅमचा, म्हणजे सगळं रक्त मिळून ३० मिलीच्या आसपास. त्यातलं थोडं वाटेत सांडलेलं असतं आणि पाखरू धक्क्यात असतं. अशा वेळी लगेच सुई-दोरा हातात घेऊ नकोस. रक्त वाहत असेल तर दाबून थांबव आणि मग त्याला अंधाऱ्या, उबदार खोक्यात थोडं सावरू दे. लोक प्रेमानं चोचीत पाणी ओततात, ते श्वासनळीत जातं. त्यांना न रागावता थांबव. मांजा कधी ओढून काढायचा नाही, कापून सोडवायचा. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हलतं तेव्हाच श्वास होतो, म्हणून पकडताना छाती दाबलीस तर ते हातातच जाईल. पंखाचं पुढचं कातडं ताजं कापलेलं असेल तर ते शिवून छान जुळतं. दंडाचं हाड उघडं पडलेलं असेल तर मात्र जखम सलाइनच्या धारेनं धुऊ नकोस, कारण ते हाड पोकळ असतं, हवेच्या पिशव्यांशी जोडलेलं असतं, आणि पाणी तिथून थेट श्वासाच्या वाटेला लागतं. पंख बांधलास तर पट्टी किती दिवसांनी सोडायची ते कार्डावर लिही, नाहीतर कातडं आखडतं आणि जखम भरूनही पाखरू उडत नाही. शराटी, करकोचा, घार असं काही आलं तर वनखात्याला कळव. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते आपण परस्पर ठेवून घ्यायचे नसतात.

त्या गर्दीत कुणाला आधी घ्यायचं हे तुलाच ठरवावं लागेल. पंख खांद्यापासून तुटलेल्या घारीसाठी दहा माणसं हात जोडून उभी असतात, आणि मागच्या खोक्यातला, अर्ध्या तासात शिवून होणारा पारवा मुकाट बसलेला असतो. मी पारव्याला आधी घेतो. घारीला वेदनाशामक देऊन, झाकून ठेवतो. हे ऐकायला कठोर वाटेल, पण त्या दिवशी हातांपेक्षा खोकी जास्त असतात.

वर्षभर मात्र पार्व्होची, म्हणजे उलटी-जुलाबाच्या विषाणूनं आजारी पडलेली कुत्र्याची पिल्लं. त्यांना रांगेत बसू देऊ नकोस, दारातूनच वेगळ्या खोलीत ने. हा विषाणू फरशीवर महिनोनमहिने टिकतो आणि फिनाइलला दाद देत नाही, ब्लीच लागतं. उपचारासाठी ट्रस्टकडे महागडी औषधं नसतील. पण पिल्लू बहुतेकदा जातं ते अंगातलं पाणी आणि साखर उतरल्यानं, आणि सलाइन स्वस्त आहे. फक्त ते हिशोबानं द्यायला हवं. चार किलोचं पिल्लू, आठ टक्के पाणी कमी, म्हणजे ३२० मिलीची तूट. त्यावर रोजची गरज, त्यावर उलटी-जुलाबातून जाणारं. हे केस पेपरवर लिही, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला अंदाजानं बाटली लावावी लागणार नाही. अशी कितीतरी पिल्लं मी नुसत्या त्रैराशिकावर उभी राहिलेली पाहिली आहेत.

आणि मन खचलं की टीव्हीटीची केस आठव. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हा कर्करोग, दिसायला भयंकर, पण आठवड्याला व्हिन्क्रिस्टीनचं एक इंजेक्शन, चार ते सहा आठवडे, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. शीर मात्र पक्की धर. औषध बाहेर पडलं तर मांस सडतं.

गायींबद्दल थोडंच सांगतो, कारण ते तू आणंदला माझ्यापेक्षा नवं शिकली आहेस. झायलाझिन हे गुंगीचं औषध देताना घोड्याचा डोस डोळ्यांसमोर नको, गायीला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पुरतं. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून, २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे. दुखण्याला मेलॉक्सिकॅम वापर. विश्वामित्री नदीला पूर येऊन गेला की लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे मूत्रानं दूषित पाण्यातून पसरणाऱ्या तापाची, शंका मनात ठेव आणि बूट-हातमोज्यांशिवाय आवारात उतरू नकोस. त्याच नदीतली मगर सोसायटीत शिरली असा फोन आला तर तो वनखात्याकडे दे.

दवाखान्यातले जुने अटेंडंट हे तुझे पहिले गुरू समज. बिथरलेल्या कुत्र्याच्या तोंडाला पट्टी कशी बांधायची, गायीला न पाडता कसं उभं ठेवायचं, हे त्यांचे हात पाहून शीक. त्यांच्या लसीही झाल्यात का ते विचार. बरेचदा झालेल्या नसतात.

आता एक अवघड गोष्ट. बरं होणार नाही आणि नुसतं तडफडतंय, असं जनावर येईल. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अशा वेळी वेदनारहित मरणाला वाट ठेवतो. पण गुजरातेत अनेक ट्रस्ट जीवदयेच्या श्रद्धेवर उभे आहेत आणि तिथे इंजेक्शन देऊन मरण देणं मान्य नसतं. त्या श्रद्धेतूनच तुझ्या कपाटातली औषधं येतात, तिचा मान ठेव. पण मान ठेवणं म्हणजे जनावराला कोपऱ्यात टाकणं नव्हे. मरण देता येणार नसेल तर वेदना शमवणं, कूस बदलणं, जखमेत अळ्या पडू न देणं हा त्याचा हक्क आहे, आणि तेवढी औषधं मागणं हा तुझा. म्हणून पहिल्याच आठवड्यात विश्वस्तांना भेट. त्यांचं धोरण काय, शेवटचा निर्णय कोण घेतं, रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, हे लेखी घे. वेदनाशामकांचा साठा किती असतो तेही विचार. कमी असेल तर आकडा मला कळव, इथल्या दोन-तीन दात्यांशी मी बोलून ठेवतो.

तुझा,
काका