वाचकांचे प्रश्न : जुन्या कागदांची ट्रंक ग्रंथालयाला देताना

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद, पत्रं, फोटो आणि १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाच्या वेळची वर्तमानपत्रं आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या विशेष संग्रहाला द्यायचं ठरवलंय. निवडून, तारखेप्रमाणे लावून, लॅमिनेट करून द्यावं का? (खानापूर)

उत्तर : देताय हे फार मोलाचं आहे. पण या तिन्हींतलं काहीही करू नका.

कोणता कागद कोणत्या पुडक्यात होता, हीसुद्धा माहितीच असते. शेतसाऱ्याच्या पावत्यांत एखादं खासगी पत्र खोचलेलं असेल, तर ते बहुधा त्याच जमिनीबद्दलचं असतं. तारखेप्रमाणे लावायला गेलात की तो धागा तुटला, आणि पुन्हा कुणालाच जोडता येणार नाही. ट्रंक उघडली की आधी जशी आहे तशी मोबाइलवर टिपा. मग वरून खाली एकेक पुडकं काढा आणि पेन्सिलीने क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्यात ठेवा. बॉलपेन नको, त्याची शाई शेजारच्या कागदावर उतरू शकते. ‘निरुपयोगी’ वाटणारे हिशेबही राहू द्या. बाजारभाव, मजुरी, उसनवारी त्यातूनच कळते.

लॅमिनेशनमध्ये गरम प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, कागदातलं आम्ल आत कोंडतं आणि पुढे ते सोडवताना कागदच फाटतो. सेलोटेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. फाटलेला कागद तसाच द्या.

गंजलेली टाचणी ओढू नका, भोकाभोवतीचा कागद कुजलेला असतो. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंनी, पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा आणि टाचणी त्या पट्टीवरूनच हळू सरकवत काढा. अडली तर सोडून द्या, ग्रंथालयातले लोक बघतील. वर्तमानपत्रं मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये हवीत, कारण त्यांच्या कागदातलं आम्ल शेजारच्या पत्रांवर तपकिरी डाग पाडतं. कुठल्या पुडक्यातून काढली, ती चिठ्ठी तेवढी जागेवर ठेवा. बांधायला बिनरंगी, धुतलेलं मांजरपाट घ्या. लाल बस्त्याचा, म्हणजे जुनी दप्तरं बांधायच्या कापडाचा, रंग ओलीने उतरतो.

दानपत्र लेखी करून घ्या. पुडक्यांची संख्या, कुणाला काय दाखवायचं, काही पत्रं किती वर्षं बंद ठेवायची, स्कॅन कुणाला देता येतील आणि ग्रंथालयाला नको असलेलं परत करायचं की नाही, हे सगळं त्यात यावं. शिवाय, दुसऱ्यांनी आजोबांना लिहिलेल्या पत्रांचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. तुम्ही तो देऊ शकत नाही, म्हणून तशी नोंद दानपत्रात असू द्या.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या कॉलेजच्या कपाटातल्या मोडी बाडांवर बुरशी आली. उन्हात टाकावीत की डांबरगोळ्या ठेवाव्यात? (बेळगाव)

उत्तर : दोन्ही नको. उन्हाने कागद ठिसूळ होतो आणि वाकतो. डांबरगोळ्यांनी बुरशी मरत नाही, उलट वाफ वाचकाच्या छातीत जाते. बाडं सावलीत उघडून ठेवा. पंखा त्यांच्यावर रोखू नका, खोलीत नुसती हवा खेळती ठेवा. बुरशी पूर्ण कोरडी झाली की मास्क लावून, खिडकीबाहेर, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका. ओली असताना पुसली तर ती कागदात रुतते. ओल्या फडक्याचं तर नावच नको, काजळाची शाई पाण्याने लगेच पसरते.

हे मात्र दर पावसाळ्यात होणार, कारण दोष कपाटाचा आहे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार काळ राहिली की बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि जमिनीपासून चार बोटं वर उचला. आत एक साधा आर्द्रतामापक ठेवून रोजचा आकडा वहीत लिहा. कुठला कोपरा ओल धरतो ते त्या वहीतच सापडेल.

प्रश्न : जुन्या कागदांच्या यादीत ‘बेळगाव’ लिहावं की ‘बेळगावी’? आणि मोडी कागदावरची तारीख कशी नोंदवावी? (निपाणी)

उत्तर : कागदावर आहे तेच आधी, जसंच्या तसं. शेजारी आजचं नाव. कानडीतही लिहा, नाहीतर कानडी वाचणाऱ्याला तो कागद सापडणारच नाही. तारखेचंही तसंच. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे अरबी शब्दांत पाच, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना) ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४ येतं. पण हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत, म्हणजे जूनपासून जूनपर्यंत चालतं, म्हणून महिना कळत नसेल तर १७७४-७५ असं दोन्ही लिहा.