चित्रांचे वेळापत्रक: ॲप वापरावे का?

प्रश्न: माझा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. हातातले काम सोडून दुसऱ्याकडे वळताना तो फार अस्वस्थ होतो. चित्रवेळापत्रकाचे ॲप उपयोगी पडेल का?

उत्तर: पडू शकेल. बोललेले शब्द क्षणात विरून जातात, चित्र मात्र समोर टिकून राहते आणि पुढे काय होणार हे मुलाला पुन्हा पुन्हा पाहता येते. उत्तर कॅरोलायना विद्यापीठात १९७२ साली स्वमग्न मुलांसाठी सुरू झालेल्या ‘टीच’ कार्यक्रमाने अशा दृश्य वेळापत्रकांना शिकवण्याच्या पद्धतीत महत्त्वाचे स्थान दिले. सुरुवातीला ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोनच चित्रे ठेवा. ॲपमधल्या तयार रेखाचित्रांपेक्षा त्याच्याच ब्रशचा, त्याच्याच दप्तराचा फोटो त्याला लवकर ओळखू येण्याची शक्यता अधिक असते. बेत बदलणार असेल, तर चित्र त्याच्यादेखतच बदला.

एक अडचण खरी आहे: त्याच पडद्यावर खेळ आणि व्हिडिओ असतील, तर लक्ष तिकडेच जाते. आयपॅडवर ‘गाइडेड ॲक्सेस’ ही सोय सुरू केल्यास ते एकाच ॲपपुरते मर्यादित राहते. तरीही तो पडद्यालाच चिकटून बसत असेल, तर भिंतीवर लावलेली छापील चित्रे मला अधिक योग्य वाटतात. आणि तो सुरळीत वागू लागला म्हणून वेळापत्रक घाईने काढून घेऊ नका, कारण बहुधा त्याच्याच आधाराने तो सावरलेला असतो.