आधी टायर, मग ब्रेक

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतलीस, मस्त! पण मोठी डिस्क आणि सहा पिस्टनचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) असलेल्या ब्रेक किटवर एवढ्यात पैसे घालू नकोस.

रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, एकदा जोरात ब्रेक दाब. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू झालं, म्हणजे ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्तच आहे. मग थांबायचं अंतर कमी होईल ते चांगल्या टायरने. मोठ्या डिस्कचा खरा फायदा पुन्हापुन्हा ब्रेक मारून साठणारी उष्णता झेलण्यात. पणजी-म्हापसा करणाऱ्याला तो फायदा कधी दिसणारच नाही.

चोर्ला घाट उतरून केरीला येईपर्यंत काय होतं ते बघ:

- पेडल मऊ पडून खोल जातंय: ब्रेक ऑइल उकळतंय. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या गोव्यात ओलीला तोटा नाही. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३०°से., ओल शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. दोन वर्षांनी बदलच.
- पेडल घट्ट, पण गाडी थांबत नाही: पॅड तापलेत. जरा वरच्या दर्जाचे पॅड घे. ट्रॅकचे नकोत, थंड असताना ते नीट पकडत नाहीत, वर किंचाळतात.

आणि उतारावर गिअर खाली घे रे, फुकटचा ब्रेक आहे तो!

नवखे लोक दिसायला छान म्हणून भोकांच्या डिस्क घेतात, किंवा किट आणल्यावर कळतं की अलॉय चाकात कॅलिपर मावतच नाही. पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नकोस, दोन-चार ब्रेकमध्ये जातो.

हे सगळं करूनही घाटात ब्रेक कमजोर पडले, तर किटचं बोलू.